नोंद आढळत नाही

डीनबाईंच्या सहीचा शिक्का माझ्या ड्रॉवरमध्ये असतो.
त्यांना सकाळभर मीटिंगा,
आणि लॉ स्कूलांचे फॉर्म तर ऑक्टोबर लागला की
सरोवरावरच्या बदकांसारखे थव्याने उतरतात.

प्रत्येकावर तोच प्रश्न, जरा वेगळ्या टायपात:
या विद्यार्थ्यावर कधीही शिस्तभंगाची कारवाई झाली होती का?
खाली दोन चौकोन.
मी बहुतेक दुसऱ्यात फुली मारते, कॉफी पिता पिता.
कधी पहिल्यात. मग जोडपत्र:
खोलीत मेणबत्ती. आगीची घंटा उगाच वाजवली.
एका पोराने संस्थापकांच्या पुतळ्याला स्वतःची पँट घातली होती,
तो आता दुलूथला एका जज्जांच्या हाताखाली आहे.

मार्ला ट्वेट मंगळवारी आली, फोन न करता.
वय बेचाळीस. अंगावर नर्सिंग होमचा गणवेश,
बुटांवर रस्त्यावरचं मीठ.
सेंट पॉलला रात्रीच्या वर्गांसाठी अर्ज करणार होती.
स्वतःचं निवेदन टाइप करून आणलेलं,
दीड पान.

"दुसऱ्या वर्षी, फेब्रुवारीत, मेसमधून
एक पाव आणि पीनट बटरची बरणी
मी कोटाखाली लपवून नेली.
माझं जेवणाचं कार्ड जानेवारीतच संपलं होतं,
पण ते मी सबब म्हणून लिहीत नाही.
दंड चाळीस डॉलर. वीस तास भांडी."

मी कॉम्प्युटरवर पाहिलं. तळघराच्या यादीत पाहिलं.
सात वर्षांनी कागद नष्ट करायचे, असा नियम;
चुकून उरलेले पाइप फुटला त्या हिवाळ्यात गेले.
"तुमच्या नावावर काहीच नाही," मी म्हटलं.
सुंठीवाचून खोकला गेला,
तिलाही तसंच वाटेल अशी माझी समजूत.

ती म्हणाली, "मग ते गेलं कुठे?"

मी समजावलं, हळू आवाजात, जसं सगळ्यांना समजावते:
आम्ही 'नाही' म्हटल्यावर कोण विचारतंय.
झाकली मूठ.
"त्यांनी 'कधीही' विचारलंय," ती म्हणाली,
"सात वर्षांत, असं नाही.
आणि वीस तास मी घासलीत ती पातेली.
सुपाचं मोठं पातेलं तर दोन्ही हातांनी फिरवावं लागायचं."
मग काउंटरवर बोटं टेकवून, जरा ओशाळून:
"मला वाटलं, इथे कुणाला तरी आठवत असेल."

मला आठवत होतं.
हिरवा कोट, एक बटण वेगळ्या रंगाचं.
मी वीस वर्षांची, मेसच्या दारात कार्डं तपासायला,
तासाला सहा डॉलर. पाव कमी भरतायत,
असं मॅनेजर आठवडाभर बोलत होता,
आणि मला तो शहाणी म्हणावा असं वाटत होतं.
मी फोन उचलला.
तक्रारदाराचं नाव, अशी एक ओळ असते त्या कागदावर.
असायची.

"तेव्हाचं इथे कुणी राहिलेलं नाही," मी म्हटलं.

दुसऱ्या चौकोनात फुली.
नोंद आढळत नाही. अक्षरन् अक्षर खरं.
शिक्का पहिल्यांदा फिका उठला, म्हणून पुन्हा दाबला,
आता तिथे डीनबाईंचं नाव जरा दुहेरी दिसतं.
फॉर्म फक्त अर्जदाराबद्दल विचारतो.

तिने दीड पान त्याला मागून जोडलं,
टाचणी स्वतःच्या पर्समधली.
दाराशी पोचली, परत आली.
काउंटरवरच्या वाडग्यातली पेपरमिंटची गोळी
घेतली तर चालेल का, तिने विचारलं.

त्या ठेवलेल्याच असतात घ्यायला.
कुणी विचारत नाही.