बाक क्रमांक सत्तेचाळीस

आधी हे मिठाचं कोठार होतं,
मग जकातघर, मग साठ वर्षं शाळा.
आता संग्रहालय. तिकीट चार युरो,
म्हाताऱ्यांना दोन.
आणि बाल्टिकातल्या या बेटावर
म्हाताऱ्यांशिवाय उरलंय कोण!

दमट हवेत भिंतींना अजून मीठ फुटतं.
सोमवारी मी ते ब्रशने झाडते,
मंगळवारी हजर.

आज लाइने आली.
बोटीला तास आहे, म्हणाली, कुठे बसू थंडीत.
सीलच्या कातड्याची पोतडी, दीपगृहाचं भिंग,
कुठल्याशा पाद्र्याचा तडकलेला चष्मा,
कशाकडेच न बघता
सरळ तिसऱ्या खोलीत गेली,
जिथे जुना वर्ग मांडून ठेवलाय.

बाकाच्या फळीवर चाकूने कोरलेलं: हिल्लार.
खाली पाटी, माझ्याच अक्षरातली:
'विद्यार्थ्याने कोरलेले स्वतःचे नाव. अंदाजे १९५३.'

"स्वतःचं?"
मी हीटरशी झटापट करत होते.
"इकडे ये. अक्षरं कुठे कललीत बघ.
हिल्लार उजवा होता.
वर्गात डावखुरी एकच,
आणि तिचा तो हात मास्तर
लोकरीच्या पट्ट्याने बाकाला बांधायचे.
त्या दिवशी गाठ सैल राहिली."

चाकू?
"त्याचाच. मासे साफ करायचा.
माझ्या आईला काहीतरी बोलला होता तो.
काय, ते गेलं डोक्यातून.
छड्या आठवतात. बारा.
माझ्याकडे एकदाही बघितलं नाही त्याने."

आता मी कशी सांगू
की दर जुलैत हिल्लार नातवंडं घेऊन येतो,
'हात लावू नये' लिहिलंय तिथेच बोट ठेवतो
आणि सांगतो, हे मी केलं,
बारा छड्या खाल्ल्या, पण रडलो नाही.
पोरं दरवर्षी तेवढीच थक्क होतात.

सांगितलं शेवटी.
ती आधी गप्प. मग इतकी हसली
की कवळी सावरावी लागली.
"मग ती पाटी राहू दे," म्हणाली.
"त्याचंच आहे ते आता."

जाताना अभिप्रायाची वही पुढे केली.
तिने पेन डाव्या हाताने उचललं,
उजव्या हातात दिलं,
आणि नाव लिहिलं,
सुबक, सरळ,
शाळेत शिकवलं होतं तसं.

बोट आज वीस मिनिटं उशिरा होती.
तिला सांगायचं राहूनच गेलं.