सोमवारची फेरी

सोमवारी ऑल्विनाला सुट्टी.
आमच्याकडे सात वाजलेले असतात,
सां सेबास्तियांवच्या कपेलात दिवे लागतात,
तिच्याकडे अडीच, टळटळीत दुपार.
फोन वाजतो. “बाब, आज खंय वचूं?”

मी चष्मा शोधतो, नकाशा पसरतो.
नोटरीच्या कचेरीतून रद्दीत निघालेला,
लिस्बन, घडीघडीवर विरलेलं,
एका कोपऱ्यात कसरीनं खाल्लेलं.
तेहतीस वर्षं त्या कचेरीत
मी लोकांच्या आज्यापणज्यांचे जन्म भाषांतरित केले.
आडनावातलं एक अक्षर सुटलं
म्हणून कुणाकुणाचं विमान सुटलं, तेही पाहिलं.
स्वतः मात्र गेलो तो बेळगावपर्यंत,
मोतीबिंदू काढायला.

“आल्फामापासून सुरू कर,” मी म्हणतो,
“चर्च मागे टाक, डावीकडचा रस्ता घे.”
“बाब, इथं रस्ता नाही, पायऱ्या आहेत.”
“किती?”
ती मोजत चढते. मला तिचा श्वास ऐकू येतो.
एकसष्टवर थांबते.
नकाशाला चढ कळत नाही,
हे मला सत्तराव्या वर्षी कळतं.

मग मीही चपला घालतो,
फोन कानाला लावून मळ्यातून निघतो.
ती ग्रासाच्या टेकडीकडे, मी फोंतेन्याशकडे,
तिच्या बाजूनं पिवळी ट्राम खडखडते,
माझ्या बाजूनं गॅसच्या सिलिंडरांचा टेम्पो.
रुआ दि नातालच्या वळणावर
टोपीवाली एक मुलगी निळ्या भिंतीला टेकून उभी,
तिचा मित्र मला म्हणतो,
“अंकल, जरा साइडला. फ्रेममध्ये येताय.”
आणि तिला म्हणतो, “बघ, अगदी युरोप!”

मी ऑल्विनाला सांगतो. ती इतकी हसते
की तिला ठसका लागतो.
“बाब, मलाही आत्ताच बाजूला केलं.
आल्फामात. हातवारे करून.”

मोरारिया तिला आवडतो.
तिथं एका सिल्हेटी माणसाच्या दुकानात
कढीपत्ता मिळतो, थोडा काळपट,
आणि कोथिंबिरीची जुडी, सव्वा युरोला.
“तिथं मी कुणाच्या फोटोत येत नाही,” म्हणते.
या वाक्यावर आम्ही दोघंही
थोडा वेळ काही बोलत नाही.
उरेंच्या खाडीत ओहोटी आहे,
चिखलावर एक बगळा, एक प्लास्टिकचं बूट.

“आता तुझा वाडा दाखव,” मी म्हणतो.
“माझा? ओदिव्हेलास?
मेट्रोचं शेवटचं स्टेशन. बघण्यासारखं काही नाही.”
“तेच दाखव.”

भुयारात आवाज तुटतो. मी झरीपाशी बसून राहतो.
वर मारुतीच्या देवळात कुणी तरी
एकदाच घंटा वाजवून थांबतं.

मग पडद्यावर: एकसारख्या इमारती,
बंद लाँड्री, लिफ्टमध्ये अंगोलाची बाई,
हातात कांद्यांची पिशवी, ती मला “बोआ तार्द” म्हणते.
मी म्हणतो “बोआ नोइत”,
कारण माझ्याकडे काळोख झालाय. ती गोंधळते.
चौथा मजला. दोन खोल्या, सहा जणी.
खिडकीच्या कट्ट्यावर पावाचा तुकडा.
ऑल्विना पोदेराची मुलगी, तिला विचारणं भागच,
“पाव कसा असतो गो तिथला?”
“बरा असतो. पण बोटांना पीठ लागत नाही.”

घरी येऊन मी नकाशा पुन्हा काढतो.
ओदिव्हेलास त्यात नाहीच.
शहर उत्तरेला एका रेघेवर संपतं,
पुढे कोरा कागद, छापखान्याचं नाव.
मी पेन्सिलीला टोक काढतो.
लाँड्री. लिफ्ट. चौथा मजला. बसथांबा.

रात्री तिचा निरोप येतो:
“बाब, बसथांबा रस्त्याच्या पलीकडे आहे हां.”
खोडरबर सापडत नाही.
बोटाला थुंकी लावून पुसतो.
बसथांब्यासकट
अर्धी लाँड्रीही जाते.