बिछायत

दर्यापूरच्या अलीकडे, खारपाणपट्ट्यात,
जिथे उन्हाळ्यात काळी माती हात जाईल इतकी उलते
आणि ठोकलेली खुंटी कधीकधी भेगेत गडप होते,
तिथे माझ्या बापाचं बिछायत केंद्र होतं.
अडीचशे ताटं, एक मोठं कापड, एक लोखंडी पेटी,
आणि मागे उंदरांनी खाल्लेली ताडपत्री.

पंजाब तायडे, शिक्षण पाचवी.
क्षेत्रफळ हा शब्द त्याने कधी उच्चारला नाही.
तो विचारायचा, "किती माणूस?"

मांडी घातली, ताट ठेवलं, वाढणाऱ्याचा पाय गेला:
एका माणसाला तीन बाय दोन.
चाळीस लांब, तीस रुंद, म्हणजे दोनशे माणूस.
वहीत एककाच्या जागी तो तेच लिहायचा. माणूस.
सहावीत मीही एकदा तसंच लिहिलं,
भटकर मॅडमनी अर्धा गुण कापला.

खुंट्या ठोकायचं काम माझं.
"कर्ण पाह्य, पोट्टे. इकडून पन्नास, तिकडूनई पन्नास,
तवा मांडव खरा."
इटकीच्या लग्नात मी कर्ण मोजलाच नाही;
ऊन होतं, आणि कोणीतरी बर्फाचा गोळा दिला होता.
बाजू चाळीस त्या चाळीसच, तीस त्या तीसच,
दोरी कुठेच कमी नाही,
पण मांडव कुशीवर वळलेल्या माणसासारखा कलला
आणि आत एकशेऐंशीच बसले.
वीस जण ताट हातात धरून उभे.

बाप रागावला नाही. समोरासमोरचं सरळ अंतर मोजलं. सत्तावीस.
"तीन फूट कुठं गेले?" एवढंच विचारलं.
समांतरभुज चौकोन पुढे पुस्तकात भेटला
तेव्हा ओळखीचा निघाला.

रोडग्यांचा जगरा गोल.
पाय त्याला ठाऊक होता तो फक्त चालायचा.
"मधातून काठापर्यंत काठी धर. त्या काठीचा चौकोन कर.
असे तीन, आन् वरतून चिमूटभर."
चिमूट केवढी?
"भाजीवाली मापावर टाकते तेवढी."
आजही मी फळ्यावर तीन पूर्णांक चौदा शतांश लिहिते
आणि मनात ती बाई कोथिंबीर टाकते.

पण सांगायचं आहे ते त्रिकोणाचं.

पाटलाच्या घरचं लग्न. वाजंत्रीवाले दहा.
आठ मोठे, दोन पोरं,
एकाच्या गळ्यात त्याच्याहून मोठा ताशा.
दोनशेच्या हिशोबात ते नव्हते.
कापड संपतं तिथून पुढे, चपलांच्या पलीकडे,
वैशाखातल्या दोन वाजता
त्यांची पंगत भेगांवर बसणार होती.

बापाने पेटीमागची ताडपत्री ओढली.
या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फाटलेली, अर्धीच.
एक टोक लिंबाला, दोन मांडवाच्या खांबांना.
पाया बारा, उंची दहा.
"पुरी असती त वीस माणूस. अर्धी हाय. दहा."
मांडवातून आवाज आला, "पंजाब, हे कायले?"
"कापड उरलं होतं."
उरलं नव्हतं.

बिलात लांबी, रुंदी, दोनशे माणूस.
त्रिकोणाचे पैसे लावले नाहीत.
ताशावाल्या पोराने जाताना
बांबूवर दोनदा काडी वाजवली, तेवढंच.

परवा वर्गात आलेख कागदावर
पिंपळपानाचं क्षेत्रफळ काढलं.
अर्ध्याहून जास्त व्यापलेला चौकोन, एक धरा.
अर्ध्याहून कमी, सोडून द्या.
तिसऱ्या बाकावरून प्रणोती गावंडे म्हणाली,
"मॅडम, सोडलेले कुठं जातात?"

मी खडू ठेवला.
खिडकीबाहेर पटांगण उललं होतं,
शेकडो तुकडे, एकालाही सूत्र नाही.
"मोज," म्हटलं, "सगळे. कडेचे आधी."

घंटा झाली. पोरं पळाली.
ती सतरावर होती, बोट कागदावर,
ओठ हलत होते.