हातावरचे आठ ठिपके

सात बंगल्याच्या दवाखान्यात डॉक्टर मिस्किटांनी
माझा हात उताणा ठेवला उशीवर,
निळ्या पेनाने आठ आकडे लिहिले,
आकड्यागणिक एक थेंब, थेंबागणिक एक टोचणी.
"पंधरा मिनिटं खाजवायचं नाही, मावशी."

चाळीस वर्षं या हाताने कोलबी सोलली,
आता तो मांडीवर घेऊन बसले
दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

एक नंबर मिठाचं पाणी. गप्प.
दोन नंबर मुद्दाम फुगणारा:
तो फुगला तर कातडी जागी आहे म्हणायचं.
तीन गादीच्या धुळीतले किडे, चार झुरळ,
पाच-सहा कसल्या बुरश्या,
आठ खेकडा.
सातव्याकडे मी बघतच नव्हते.

धर्माच्या हळदीला कोलबीभात दोनदा घेतला.
हात धुवेस्तोवर ओठ जड,
मानेवर गांधी, गळ्यात कुणी मुठीने आवळल्यासारखं.
जाऊबाई म्हणाली, दृष्ट लागली,
मीठ-मिरच्या ओवाळल्या, निखाऱ्यावर टाकल्या,
आणि त्या धुराने राहिलेला श्वासही गेला.
कूपरला मांडीत सुई दिली तेव्हा कुठे
छताचा पंखा पुन्हा दिसला.

सातवा ठिपका पाच रुपयांच्या नाण्याएवढा.
कडा गोल नाही, बारीक पाय फुटलेले.
डॉक्टर पट्टी लावून मोजत होत्या.
मी म्हटलं, मोजता काय,
कोलबीच आहे ती, ओळखते मी.

मग त्यांनी कागदावर काढून दाखवलं.
रक्तात आय-जी-ई नावाचे बारीक चिमटे.
ते काही पेशींच्या अंगावर बसून राहतात, महिनोन् महिने,
आणि पेशींच्या पोटात हिस्टामिनच्या पुड्या.
ओळखीचं काही चिमट्यात सापडलं
की पुड्या फुटतात, सगळ्या एकदम.
"तुमचं अंग आधी उशीतल्या किड्याशी भांडायला शिकलं असेल.
कोलबीतल्या एका प्रथिनाचा चेहरा तसाच.
झुरळातल्याचाही."

म्हणजे कोलबी नि झुरळ चुलत भावंडं?
हे गिऱ्हाइकाला सांगायची सोय नाही.

पण मला राग आला तो अंगाचाच.
माझ्या आयेने मला दात येण्याआधी
कोलबीच्या कालवणाचं बोट चाटवलं,
आणि एकोणपन्नासाव्या वर्षी तू चेहरे विसरतोस?
मला वाचवायला निघालास
आणि माझाच गळा धरलास?

डॉक्टर म्हणाल्या, धंदा सोडा.
मी पाटीपुढे बसून करते तसा भाव केला:
सोलणं सोडते, विकणं नाही.
उकळत्या टोपाजवळ जाणार नाही,
जवळा वाळवायचा तो जाऊबाई वाळवेल.
हातमोजे, तोंडाला फडकं.
उश्यांना झिपवाल्या खोळी, चादर कढत पाण्यात.
नाक गळलं, अंग खाजलं तर रात्री एक गोळी.
पण गळा धरला तर गोळीची वाट बघायची नाही.
आधी सुई, मग फोन, मग पाय उंच करून आडवं व्हायचं.
केतकीने हे फळ्यावर लिहिलंय,
देवाच्या तसबिरीखाली.

आता पिशवीत पैशांबरोबर स्टीलची डबी असते.
आत काचेची कुपी, सिरिंज,
आणि चिठ्ठी: मांडीच्या बाहेरच्या अंगाला, कपड्यावरूनही चालेल.

काल एका बाईने विचारलं, कोलबी गोड आहे ना?
म्हटलं, साखर आहे.
हातमोज्यातून वजन केलं.
अजून आठवणीवर विकते आहे,
किती दिवस पुरेल ठाऊक नाही.

रात्री केतकी सराव करते.
सिरिंजमध्ये मिठाचं पाणी भरते,
मोसंबी मांडीवर ठेवते, माझ्या नाही, स्वतःच्या,
"एक, दोन," म्हणते, आणि डोळे मिटते.
मी ओरडते, डोळे उघडे ठेव गो!
सातव्यांदा जमलं.

मोसंबी टाकायची कशाला?
सोलून दोघींनी खाल्ली.
थोडी खारट.