कोतरातली नोंदवही

रविवारी सकाळी, भीमनाथच्या पुलाखाली
आम्ही सातजण. कधी कधी पाचच.
हातमोजे हार्डवेअरवाल्याचे, उधारीवर,
पोती सुधन्वाच्या गिरणीतली, पिठाच्या वासाची.
मी वही घेऊन कोरड्या दगडावर बसते,
कारण गुडघे; आणि कारण माझं अक्षर बरं आहे.
एकतीस वर्षं जकातीच्या पावत्या फाडल्या मी,
शहरात काय आलं ते लिहिलं.
आता शहराने काय टाकलं ते लिहिते:

गणपतीचा एक हात, मोदकासकट.
चपला, प्रत्येक जोडीतली एकच.
थर्माकोलचं ‘शुभविवाह’, त्यातला ‘शु’ गेलेला.
दुधाच्या पिशव्या
(मोजणं सोडलं).

आणि शेवटच्या रकान्यात
मगरी.

इथे दर आठवड्याला वाद.
जिगर म्हणतो, तो बघा, केवढा मोठा!
त्याच्या गुजरातीत मगर पुल्लिंगी.
मी म्हणते, ती.
दांडिया बाजारात जन्म गेला तरी
व्याकरण मी सोडलेलं नाही.
हनीफभाई पोत्याचं तोंड बांधता बांधता म्हणतात,
बेन, जाऊन विचारून या ना.

पुराच्या वर्षी एक आमच्याच पार्किंगमध्ये आली होती,
स्कूटरच्या चाकाला हनुवटी टेकून.
डोळ्यांवर ओलं गोणपाट टाकलं की ती निवते,
हे मी तेव्हा पाहिलं.
आणि मनात आलं,
बँकेच्या रांगेत मलाही कुणी टाकावं.

वैशाखात पिवळा जेसीबी आला.
काठ सरळ करायचा होता.
कागदावर नदी सरळच असते,
विश्वामित्री मात्र
उखाणा आठवत नसलेल्या नवरीसारखी
वळत, थांबत, पुन्हा वळत.

आम्ही आडवे झालो नाही, घोषणा नव्हत्या.
हेमांगिनीने फक्त ड्रायव्हरला ताक दिलं
आणि बांबूखालचा मातीचा उंचवटा दाखवला:
घरटं आहे. दोन महिने झाले.
पत्र दिलंय.
कुणाला?
सगळ्यांना.
उत्तर?
ताक छान होतं, तो म्हणाला.

रमसू कटारा, दाहोदकडचा.
चावी फिरवायला वर चढला आणि चढता चढता थांबला.
आवाज आमच्यातल्या कुणीच ऐकला नव्हता.
टिटवी नाही, बेडूक नाही,
मातीच्या पोटात कुणाला तरी
उचकी लागली होती.

मग पाणी फुटलं.
आम्ही मागे, मागे, पार धोबीघाटाच्या पायऱ्यांपर्यंत.
ती वर आली, घाई नव्हती तिला.
आमच्याकडे, जेसीबीकडे, सुशोभीकरणाच्या फलकाकडे
तिने सारखंच दुर्लक्ष केलं
आणि पंजांनी माती उकरू लागली.
ज्या जबड्याच्या नावाने आम्ही शाळांमधून सूचना वाटतो,
त्याच जबड्यात एकेक पिल्लू,
कुंकवाची डबी उचलावी तसं.

जिगर दुर्बिणीतून मोजत होता.
रमसू टपावर उकिडवा बसून मोजत होता.
दोघांचा आकडा जुळला नाही.

दुसऱ्या दिवशी दुसरा ड्रायव्हर आला.
खोदलंच त्याने; पण बांबू सोडून, चाळीस पावलं वर.
कुणी सांगितलं होतं, कळलं नाही.
आमचं पत्र तर अजून आवक विभागातच आहे.

वहीत लिहिलं:
पिल्लं एकोणीस. एक वादग्रस्त.
मगर एक.
पुढे कंसात ‘स्त्री.’
आणि त्या कंसाशेजारी जिगरची सही,
वाकडी, पण त्याचीच.

पुढचा रविवार. माणसं चार.
दुधाच्या पिशव्या
आता पुन्हा मोजते आहे.