क़ाफ, बा, लाम

शुक्रवारी दुपारी मुहर्रकच्या गल्लीत
उस्ताद मक्कींचंच दार तेवढं अर्धं उघडं.
निवृत्त शिक्षक. खिडकीत घरघरणारा एसी,
त्याच्याखाली मांजर,
आणि टेबलावर माझा झेरॉक्सचा गठ्ठा,
ज्यात मी तीन महिने एक माणूस शोधते आहे
उजवीकडून डावीकडे,
कुणाच्या घरात मागच्या दारानं शिरावं तशी.

जुन्या खानेसुमारीची पानं.
घर, नाव, बापाचं नाव, वय, धंदा, मुलूख.
कारकुनाची शाई मधेच सुकते, बुडवून पुन्हा जाड होते.
एका पानावर गोल डाग आहे,
चहाचा असेल.

अरबीकडे आमचा ध नाही, ट नाही,
ळ तर तिनं कधी ऐकलेलाच नाही.
म्हणून मी नाव शोधतच नाही,
नाव गाळून जे खाली राहिलं असेल ते शोधते.

‘दाकू बिन सूमा,’ उस्ताद बोट ठेवतात.
धाकू सोमा. माझा पणजोबा.
वय अंदाजे चाळीस. धंदा खलाशी.
मुलूख: मीम, लाम, वाव, नून.
मी म्हणते, मालवण.
ते म्हणतात, मुलव्वन. म्हणजे रंगीत.
‘रंगीत गावचा आहे तुमचा माणूस.’
आणि हसतात, दात नसलेलं.

आडनावाशी मात्र थांबतात.
चष्मा काढतात, पुसतात.
‘क़ाफ, बा, लाम. क़ब्ल.
याचा अर्थ, पहले. आधीचा.
काफ असता तर कब्ल, बेडी.
पण हा क़ाफ आहे, वर दोन ठिपके, बघा.’
मी बघते. आमच्या एकाच ‘क’मध्ये
दोघे दाटीवाटीनं राहत आले,
बेडी आणि आधी,
आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

पण वय चाळीस कसं?
आमच्या घरी तो तिशीतच गेला.
गलबत बुडालं, नाखवा परतला, हा नाही.
पणजीनं बावीसाव्या वर्षी कुंकू पुसलं.
दर भाद्रपदात त्याचं पान वाढलं:
वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, केळीच्या टोकाला मीठ.
आणि हा इथे, घर क्रमांक दोनशे अकरामध्ये,
भात-मासळी जेवत होता.

एकटाही नव्हता.
त्याच ओळीत, बारीक:
बाई एक. मुलगा एक, वय चार.
नावं नाहीत. बायकापोरांना नुसता आकडा.

आत्याला फोन लावला, देवबागला.
बराच वेळ समुद्रच ऐकू आला.
मग म्हणाली, ‘इतकी वर्सां कावळो शिवता हा नाय?
मगे तो मेलोच.
तू थंयसर पगाराक गेलंस, पगार घी.’

दोनशे अकरा आता नाही.
घरापुढे समुद्र होता, उस्ताद सांगतात,
तो भरून काढला, त्यावर रस्ता, रस्त्यावर सिग्नल.
सिग्नलला मी रोज थांबते,
हॉस्पिटलच्या ड्यूटीला जाताना.
दिवसभर लोकांच्या छातीचे फोटो काढते,
श्वास धरा, सोडा.

बाजारात एक म्हातारा सुरमईचे कल्ले उलटून पाहतो,
मान तिरकी करून, थेट आमच्या आजोबांसारखी.
मी दोन पावलं पुढे जाते.
पण कल्ले सगळेच पाहतात.
चार वर्षांचा तो मुलगा असलाच
तर पंच्याऐंशीच्या पुढचा असेल,
आणि त्यानं मला काय म्हणून ओळखावं?

माझ्या कार्डावर संगणकानं
मधे एक वाव घातलाय, एक अलिफ: कूबाल.
‘याला काही अर्थ नाही,’ उस्ताद म्हणाले,
जरा ओशाळून, जणू चूक त्यांचीच.

यंदा पान वाढेन म्हणते, इथेच, बाल्कनीत.
कावळे कमी आहेत, साळुंक्या येतात.
त्याला वाढेन. त्या बाईलाही.
भटजी व्हिडिओवर नाव विचारतील,
मी म्हणेन, एक.