पत्रव्यवहाराचं पान

काजानीहून पत्र आलं, निळ्या शाईचं, हाताने लिहिलेलं.
हिल्का कोर्पेला, रात्रपाळीची परिचारिका,
वृद्धाश्रम, दुसरा मजला, चोवीस खाटा.

"दर ऑक्टोबरात मी दंड पुढे करते. एकोणीस वर्षं झाली.
यंदाही टोचून घेतलं, डावीकडे,
कारण उजव्या हाताने माणसं कुशीवर वळवायची असतात.
तेव्हा लस म्हटलं की दार लावून घेतात
त्यांच्या रांगेत मला उभं करू नका.
मला फक्त विचारायचं आहे.
तुमच्या अंकात आलंय,
आठ कर्मचाऱ्यांना टोचलं की एक म्हातारा जीव वाचतो.
आम्ही चाळीस जणी. म्हणजे पाच जीव.
पण ज्या हिवाळ्यात माझ्याशिवाय
कुणीच टोचून घेतलं नव्हतं,
त्या अख्ख्या हिवाळ्यात आमच्याकडे गेले चार.
त्यातली आईनो तर पडून, खुबा मोडून.
चारांतून पाच कसे वाचवायचे, साहेब?"

साहेब नाही, मी बाई आहे.
या पानाची संपादक, बावीस वर्षं.
आलेल्या पत्रांतले स्वल्पविराम नीट करते
आणि रागाचे दोन शब्द कमी करते.
हिच्या पत्रात कमी करण्याजोगं काही नव्हतं.

ओस्मो म्हणाला, नको छापू.
खरं असलं तरी नको, या वर्षी तर नकोच.
माकडाच्या हाती कोलीत द्यायचं नसतं.
डांबराच्या भट्ट्यांचा हा मुलूख,
कोलीत म्हणजे काय ते इथे शिकवावं लागत नाही.
मी गप्प राहिले.
त्याचा भाऊ फ्लूनेच गेला होता, सत्तेचाळिसाव्या वर्षी.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही,
असं म्हणायची सोय इथे डिसेंबरात नाही.
इथे कोंबडं मोकळं सोडलं तरी
सूर्य साडेदहाला येतो, दोनला उठून जातो.
उरलेल्या वेळात जे दिसतं
ते कुणीतरी दिवा लावलेला असतो म्हणून.

मी होल्मस्ट्रोमांना फोन लावला. शोधनिबंध त्यांचा.
पत्र वाचून दाखवलं, सावकाश, दोनदा.
पलीकडे खण उघडल्याचा आवाज,
मग कागद, मग बराच वेळ कागदच.
"भागाकार केला होता," ते म्हणाले,
"ताळा केला नव्हता."

त्यांचं उत्तर आलं ते नऊ ओळींचं.
तिसरा तक्ता चुकला आहे.
फायदा आहे, पण किती ते मला ठाऊक नाही.
लस घ्या. माझ्या आकड्याखातर मात्र नको.
याहून लांब पत्र त्यांनी आयुष्यात नेहमीच लिहिलं होतं.

दोन्ही पत्रं समोरासमोर छापली.
ओस्मोने प्रूफावर सही केली, तारीख घालायला विसरला.
त्याच दुपारी कँटीनमागच्या खोलीत
मी बाही वर केली.
रात्री दंड ठणकत होता
आणि मी पुढच्या अंकाची पत्रं उघडत होते.
सतरा. त्यांतली चार शिव्यांची.

जानेवारीत हिल्काचा फोन आला.
"माझं नाव चुकलंय. कोर्पेला. तुम्ही कोपेर्ला छापलंत."
मी माफी मागितली.
पान तिने नोटीसबोर्डावर लावलं होतं,
लस घेणाऱ्यांच्या यादीशेजारी.
यादीत दोन नावं वाढली, एक खोडलं गेलं.
"खोडणारी म्हणाली, निदान कुणी विचारलं तरी.
वाढलेल्या दोघीही तेच म्हणाल्या.
आता याचा हिशेब तुम्ही कसा लावाल?"

मी काही बोलणार तोच
तिच्याकडे कुठेतरी घंटा वाजली.
"थांबा," म्हणाली, रिसिव्हर टेबलावर ठेवून गेली.
लांब जाणारी रबरी तळव्यांची पावलं,
कुणाचा तरी खोकला,
तिचं हळू आवाजात काही बोलणं.
मी थांबले.